‘काही नाही हो, पोराची सायकल लागली’

मागच्या अंकात याच सदरात मी एक ओळ लिहिली होती : रस्त्याबाहेर, बिनइंजिनाच्या गाडीनं पायी माणसाला लागलं तर त्याला आपल्याकडे कुणी अपघात म्हणतच नाही, असा अनुभव असेल तर कळवा. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. इमारतीची आवारं, बागेतल्या वाटा, गोदामं, शाळेची पटांगणं. सायकल, स्केटबोर्ड, मालाची ढकलगाडी. मी सव्वीस वर्षं हाडांची डॉक्टर म्हणून काम करते आहे आणि या पेशंटांचं पहिलं वाक्य मला पाठ झालंय. खुर्चीत बसता बसता ते म्हणतात, “काही नाही हो डॉक्टर, पोराची सायकल लागली.” त्या ‘काही नाही’मध्ये किती दिवस वाया जातात ते मी पाहिलंय. माझ्या स्वतःच्या घरातही पाहिलंय.

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. इमारतीच्या आवारात फेऱ्या मारताना मागून एका मुलाची छोटी सायकल लागली आणि त्या डाव्या कुशीवर पडल्या. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे असं सांगितलं. मुका मार म्हणून गोळ्या आणि शेक चालू आहे. आज सहावा दिवस. भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जातात, पण जांघेत कळ येते म्हणतात. घरचे म्हणतात, वयामुळे जास्त दुखत असेल. एवढ्याशा सायकलीनं काय होणार?

ताई, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता आणि सासूबाईंना ताबडतोब परत दाखवायला सांगितलं होतं. इथे लिहिते आहे ते बाकीच्या घरांसाठी.

म्हाताऱ्या माणसाला पडल्यानंतर जांघेत कळ येत असेल तर ती कळ खुब्याची, असं धरूनच चालायचं. ती खुब्याची नाही हे सिद्ध करायचं काम डॉक्टरचं. कुशीवर पडलेल्या माणसाला कुशीच्या बाजूला दुखणं, निळं पडणं हे मुक्या माराचंही असू शकतं. पण पाय टेकवला की आत जांघेत कळ, पाय उताणा ठेवून हलकेच आत-बाहेर फिरवला की कळ, सरळ पाय उचलवत नाही, ही लक्षणं निराळी आहेत. आणि हे लक्षात ठेवा, की ‘चालता येतंय म्हणजे मोडलं नाही’ हे खरं नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर जाते, दोन्ही तुकडे एकमेकांत रुतून बसतात, आणि माणूस लंगडत का होईना, चालतो. अशी चीर साध्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. एक्स-रे चांगला आणि दुखणं मात्र तसंच, अशा वेळी एमआरआय करायचा, तो शक्य नसेल तर सीटी स्कॅन. ‘आणखी आठ दिवस बघू’ हे उत्तर घेऊन घरी यायचं नाही.

‘एवढ्याशा सायकलीनं काय होणार’ हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सायकलीनं फारसं काही होत नाहीच. होतं ते जमिनीनं. मुलाची सायकल ताशी दहा-बारा किलोमीटरनं येते. ती गुडघ्यामागे लागते, तोल जातो. पण उभ्या माणसाचं डोकं साधारण दीड-पावणेदोन मीटर उंचीवरून खाली येतं आणि तेवढ्या उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीवर आपटते तेव्हा तिचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सायकलीचा नुसता धक्का, आणि फरशीचा मार त्याहून वेगाचा. तरुण माणूस पडताना हात पुढे करतो, गुडघे दुमडतो, वळतो. पडण्याचा वेळ लांबवतो. सत्तरीच्या माणसाला तेवढी सवड मिळत नाही. त्यातून धक्का मागून किंवा बाजूनं आलेला असतो, म्हणजे आधी दिसलेला नसतो. मग सगळं वजन खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर येतं. म्हणून मी पेशंटला ‘काय लागलं’ यापेक्षा ‘पडलात कसे, कुठल्या बाजूवर, जमीन कसली होती’ हे जास्त विचारते.

हे सगळं मला माहीत होतं, तेव्हाची गोष्ट सांगते. नऊ वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना, नानांना, आमच्याच आवारात एका सात वर्षांच्या मुलाची सायकल लागली. मागच्या चाकाला आधाराची दोन छोटी चाकं असलेली सायकल. नाना ७६ वर्षांचे. ते बाजूला बसल्यासारखे पडले, स्वतः उठले, धोतर झटकलं आणि एक मजला चढून वर आले. मी संध्याकाळी घरी पोचले, त्यांना सोफ्यावरच पाहिलं. पाय उचलून दाखवा म्हटलं, त्यांनी थोडा उचलला, ओठ दाबून. ते ओठ दाबणं मी पाहिलं आणि सोडून दिलं. “मुका मार आहे नाना,” मी म्हणाले आणि वेदनेची गोळी दिली. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर मी त्यांना एक्स-रेशिवाय खोलीबाहेर जाऊ दिलं नसतं. चौथ्या दिवशी सकाळी ते पलंगावरून उठताना ‘कट’ असा आवाज मी शेजारच्या खोलीत ऐकला. आत गेले तर उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला पूर्ण कलंडलं होतं आणि पाय डाव्यापेक्षा बोटभर आखूड दिसत होता. रुतून बसलेली चीर सुटली होती.

पहिल्या दिवशी कळलं असतं तर लहानशा छेदातून तीन स्क्रू बसवून काम झालं असतं. हाड सरकल्यावर खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या, हाडाच्या मानेला चिकटून जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात. मग त्या वयात गोळाच काढून धातूचा बसवावा लागतो. नानांचा तसा बसवावा लागला. ते पाच आठवड्यांत काठी घेऊन चालले, यात त्यांची जिद्द होती. माझं काही नव्हतं. तेव्हापासून मी ‘मुका मार’ हा शब्द तपासणी पूर्ण झाल्याशिवाय उच्चारत नाही.

अशा रुग्णाला शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती शक्य तितकी लवकर, एक-दोन दिवसांत व्हावी. अंथरुणात पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हाडापेक्षा छातीतला कफ, पाठीच्या जखमा आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्या घात करतात. आणि नुसत्या उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, याचा अर्थ हाड आधीच ठिसूळ झालेलं होतं. ते ठिसूळपण तपासून त्याचे उपचार सुरू केल्याशिवाय प्रकरण मिटलं म्हणायचं नाही, कारण दुसऱ्या बाजूचा खुबाही त्याच माणसाचा असतो.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाची सायकल आवारातल्या एका आजोबांना लागली. त्यांचं मनगट मोडलं. आम्ही खर्च केला, माफी मागितली. पण मुलगा त्या दिवसापासून सायकलीला हात लावत नाही, आजोबा दिसले की घरात पळतो. आता आवारात सायकल बंदीचा फलकही लागला आहे. चूक त्याची होती का?

नानांनी मला पहिली गोष्ट सांगितली होती ती ही, की त्या पोराला काही कळू देऊ नका. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सांगितली. मी ते पाळलं. आज मला वाटतं, नाना अर्धे बरोबर होते. मुलाला दोषी ठरवायचं नाही, हे बरोबर. पण त्याच्यापासून लपवलं तर त्याला जे अर्धवट कानावर पडतं त्यातून तो याहून भयंकर काहीतरी मनात रचतो. आजोबांची हरकत नसेल तर त्याला एकदा त्यांच्याकडे घेऊन जा. प्लास्टर पाहू दे, त्यावर बोट ठेवू दे. मनगटाचं ते हाड, हात टेकून पडल्यावर मोडतं तेच असावं. १८१४मध्ये अब्राहम कॉलिस या आयरिश सर्जननं त्या मोडण्याचं वर्णन केलं म्हणून ते मोडणं त्याच्या नावानं ओळखलं जातं. हाड साधारण सहा आठवड्यांत जुळतं. मुलाला हे ‘जुळतं’ कळणं फार गरजेचं आहे. त्याच्या डोक्यात ते कायमचं मोडलेलं असतं.

आता चुकीबद्दल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सायकल चालवता येते, पण समोरचा माणूस पुढच्या क्षणी कुठे वळेल याचा अंदाज अजून पुरता आलेला नसतो. तो बघतो चाकाच्या पुढे. आणि हिशोब त्याच्या बाजूनं नसतो. ताशी बारा किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरहून थोडं जास्त. माणूस दिसल्यावर ब्रेक दाबेपर्यंत मुलाला दीडेक सेकंद लागला तर सायकल पाच मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक दाबण्याआधीच. मग थांबायला आणखी दीड-दोन. सगळे मिळून सहा-सात मीटर. आणि आवारात जिन्याच्या कोपऱ्यावरून बाहेर येणारा माणूस दिसतो किती अंतरावर? दोन-तीन मीटरवर. तुमच्या मुलानं कितीही लक्ष दिलं असतं तरी त्या कोपऱ्यावर त्या वेगानं तो थांबू शकला नसता. चूक कोपऱ्यावरच्या वेगाची आहे, आणि तो वेग कमी करायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपलं मोठ्यांचं काम.

आमच्या आवारात मी मुलांना घेऊन हे खडूनं करून दाखवते. एक मूल नेहमीच्या वेगानं येतं, मी न सांगता टाळी वाजवते. टाळीच्या वेळी पुढचं चाक जिथे होतं तिथे एक रेघ, सायकल थांबली तिथे दुसरी. मग मुलं पावलं टाकून मोजतात. पहिल्यांदा प्रत्येक मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यांना वाटलेलं असतं, एका पावलात थांबलो. मग तेच निम्म्या वेगानं करायचं. दोन रेघांमधलं अंतर निम्म्याहूनही कमी होतं, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गानं घटतं. मुलांना वर्ग-बिर्ग सांगावा लागत नाही. रेघ पुरते. तुमच्या मुलाला पुन्हा सायकलीवर बसवायचं असेल तर या खेळापासून बसवा, टाळी वाजवायला त्या आजोबांनाच बोलवा. ते येतील असं मला वाटतं.

घंटीबद्दल एक. आपण मुलांना ‘घंटी वाजव’ एवढंच शिकवतो. म्हातारं माणूस अगदी मागे वाजलेल्या घंटीनं दचकतं, गर्रकन वळतं, आणि वळताना नेमकं सायकलीच्या वाटेत येतं किंवा नुसत्या वळण्यानंच पडतं. घंटी लांबून, दहा-बारा मीटरवरून, एकदाच. मग वेग चालण्याइतका. माणसानं वळून पाहिल्याशिवाय शेजारून जायचं नाही. पाहिलंच नाही तर उतरायचं.

आणि आज संध्याकाळी सायकलीच्या हँडलची दोन्ही टोकं बघा. रबरी मुठी झिजून धातूची नळी उघडी पडली असेल तर ती बदलल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका. ती नळी लहान मुलाच्या पोटाच्या उंचीवर असते. धडकेत ती पोटात घुसते. वर कातडीवर नुसता गोल वळ दिसतो आणि आत प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असते, जी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी उलट्या आणि पोटदुखीनं कळते. चालवणाऱ्यालाही होते, समोरच्यालाही. असा गोल वळ दिसला की पोट दुखायची वाट बघायची नाही.

बंदीच्या फलकाला माझा विरोध आहे, तो कमिटीसमोर माझ्या नावानं मांडा. आवारात जागा मिळाली नाही तर मुलं सायकल घेऊन मोटारींच्या रस्त्यावर जातील. बंदीऐवजी जिन्यांच्या तोंडाशी ‘इथे उतरून चाला’ अशी जाड पिवळी पट्टी मारा आणि म्हातारी माणसं फेऱ्या मारतात तो तास-दीड तास सायकलींना सुट्टी द्या.

प्रश्न : गोदामात काम करतो. मागून सहकाऱ्यानं ढकलत आणलेली मालाची गाडी टाचेच्या वर लागली. ‘कुणीतरी मागून काठी मारली’ असं वाटलं. जखम नाही, सूज आहे. पाऊल खाली-वर हलतं, चालताही येतं, पण त्या पायावर जोर येत नाही. लचक म्हणून पट्टी बांधली आहे. दोन आठवडे झाले.

दादा, ‘मागून काठी मारल्यासारखं’ हे तुम्ही लिहिलंय ना, ते शब्द पोटरीची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूची दोरी) तुटलेले पेशंट नेहमी बोलतात. तुमच्या बाबतीत खरोखरच मागून काहीतरी लागलं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला ज्या जाड दोरीनं बांधलेले असतात ती दोरी टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर सगळ्यात कच्ची. मालाच्या गाडीच्या फळीची कड नेमकी तिथे लागते.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघा, दुसऱ्या माणसाची मदत घेऊन. पलंगावर पालथे झोपा, दोन्ही पावलं कडेबाहेर लोंबकळू द्या, पाय ढिले सोडा. आता दुसऱ्यानं चांगल्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबायची. पाऊल आपोआप खाली झुकतं, पोटऱ्या दाबल्या की पंजा तळव्याकडे जातो. मग दुखऱ्या पायाची तशीच दाबायची. ते पाऊल जागचं हललं नाही, तर दोरी तुटलेली आहे. तिथे बोट फिरवलं तर एक खळगा लागतो, पण दोन आठवड्यांनी तो सुजेनं भरूनही जातो, म्हणून खळगा नाही म्हणजे ठीक असं समजू नका. ‘पाऊल हलतं’ यानंही फसू नका. पाऊल खाली करणारे दुसरे छोटे स्नायू शाबूत असतात, ते हलवतात. पण त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं की टाच उचलत नाही. पट्टी बांधून घरी पाठवलेले असे पेशंट मी वर्षाला दोन-तीन तरी बघते.

लवकर कळलं तर पंजा खाली झुकवून प्लास्टर किंवा बूट, किंवा शस्त्रक्रिया, दोन्ही मार्ग आहेत. महिना उलटला की तुटलेली टोकं लांब जातात, मधली जागा दुसरीकडची तशीच दोरी आणून भरावी लागते. तुमच्याकडे अजून वेळ आहे. हे वाचून झाल्यावर थांबू नका.

सहकाऱ्यावर राग धरू नका. तुम्ही पत्रात लिहिलंय की गाडीवर खोकी त्याच्या डोक्याच्या वर रचली होती. त्याला तुम्ही दिसलाच नाहीत. अडीचशे किलोची गाडी चालण्याच्या वेगानं येत असली तर शेवटच्या क्षणी तिला एका वितीत थांबवणं माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे. माल ढकलणाऱ्याच्या डोळ्यांच्या खाली राहिला पाहिजे, आणि तो राहत नसेल तर पुढे एक माणूस चालला पाहिजे. हे मालकाला सांगायची गोष्ट आहे, आणि सांगायला डॉक्टरची चिठ्ठी लागत असेल तर ती तुमच्या डॉक्टरकडून मागून घ्या. मी तरी देते.

प्रश्न : आईला बागेत एका मुलाचा स्केटबोर्ड घोट्याला लागला, ती पडली, डोक्याला छोटं टेंगूळ आलं. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. तेव्हा अगदी नीट होती, म्हणून कुठे नेलं नाही. याला अठरा दिवस झाले. आता दुपारी फार झोपते आणि चालताना एका बाजूला जाते.

आजच न्या. सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणी. गोळीचं नाव आणि पडल्याची तारीख कागदावर लिहून न्या, आणि ‘अशक्तपणा आलाय’ असं सांगू नका. ‘अठरा दिवसांपूर्वी डोक्यावर पडली, रक्त पातळ करायची गोळी आहे’ हे पहिलं वाक्य असू दे.

मेंदूच्या आवरणाखाली थेंबाथेंबानं रक्त साठतं आणि लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा येतात. तोवर घरचे पडणं विसरलेले असतात. झोप, गोंधळ, तोल जाणं, हातातली वस्तू सुटणं हे सगळं वयाच्या नावावर जातं. वेळेत कळलं तर हे रक्त बहुधा लहानशा छिद्रातून काढता येतं आणि माणूस लवकर सावरतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. ती कधी थांबवायची, कधी पुन्हा सुरू करायची ते डॉक्टर ठरवतील.

बाकी वाचकांसाठी : अशी गोळी घेणारा माणूस डोक्यावर पडला तर ‘अगदी नीट आहे’ या अवस्थेतच त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं.

प्रश्न : पत्नीला पायवाटेवर सायकल लागली होती. दवाखान्याच्या कागदावर ‘व्ही ०१.०’ असं लिहिलंय. हा कुठला आजार?

आजार नाही, काका. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची वर्गीकरण यादी आहे, तिची दहावी आवृत्ती १९९०मध्ये मंजूर झाली. काय मोडलं यासाठी त्यात एक खूण असते आणि कशामुळे मोडलं यासाठी वेगळी. ‘व्ही ०१’ म्हणजे पायी माणूस आणि पायडलची सायकल यांची धडक. टिंबानंतरचं शून्य म्हणजे ही धडक सार्वजनिक रस्त्याबाहेर झाली; रस्त्यावर झाली असती तर तिथे एक आला असता. (त्या यादीत सायकल म्हणजे फक्त पायडलनं चालणारी. आणि हातगाडी ढकलणारा, स्केटबोर्डवर उभा असलेला, चाकाच्या खुर्चीतला, हे सगळे त्यात ‘पायी’ माणसांतच मोडतात.) यादीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू झाली आहे, पण दहावीच्या खुणा अजून पुष्कळ ठिकाणी वापरात आहेत.

तुमच्या कागदावर हे नीट लिहिणारा जो कुणी होता त्याचं मला कौतुक वाटतं. कारण बहुतेक वेळा पेशंट ‘पडले’ म्हणतो, आम्ही ‘घसरून पडले’ लिहितो, आणि सायकल कागदावरून नाहीशी होते. मग अशा धडका किती होतात, कुठल्या कोपऱ्यावर होतात, हे कुणाला दिसणार? माझी सगळ्या वाचकांना कळकळीची विनंती आहे, दवाखान्यात तीन गोष्टी सांगा : काय लागलं, कुठे लागलं, कसे पडलात. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून नाही. विम्याचा अर्ज भरतानाही तेच तीन शब्द उपयोगी पडतात, आणि ‘अपघात’ या शब्दाची व्याख्या तुमच्या विम्यात काय दिली आहे ती अर्जाआधी वाचा.

प्रश्न : ढकलगाडीचा कोपरा नडगीला लागून वडिलांची कातडी तिकोनी फाटली, पापुद्र्यासारखी मागे गुंडाळली गेली. वय ८०. टाके घालायला हवेत का?

बहुधा नकोत. त्या वयात नडगीवरची कातडी ओल्या कागदासारखी असते, टाक्याचा दोरा तिला कापत जातो. स्वच्छ पाण्यानं धुवा आणि तसंच दवाखान्यात न्या. तिथे ओल्या कापसानं तो पापुद्रा हळूहळू उलगडून जागेवर पसरतात, ओढून-ताणून कडा जुळवत नाहीत, कागदी पट्ट्या लावतात आणि न चिकटणारी पट्टी बांधतात. लोंबणारी कातडी घरी कात्रीनं कापू नका, ती त्यांची स्वतःचीच मलमपट्टी आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते आठवून ठेवा.

प्रश्न : शेतात जनावरं जुंपलेली गाडी मागे सरली आणि भावाच्या पावलावरून चाक गेलं. हाड मोडलेलं नाही. पण असं कधी झालं तर धोक्याचं काय समजायचं?

जखमेच्या मानानं न सोसवणारं, वाढत जाणारं दुखणं. पाऊल दगडासारखं घट्ट लागणं. बोटं दुसऱ्यानं हलकेच वर ओढली की किंचाळण्याइतकी कळ. आत सूज वाढून रक्ताचा पुरवठा दबत असतो आणि अशा वेळी हातात काही तासच असतात. पट्टी घट्ट बांधली असेल तर आधी ती सोडा, आणि रात्र असली तरी निघा. एक्स-रे चांगला असला तरी हे होऊ शकतं.

प्रश्न : वय ६६. बागेच्या वाटेवर सायकल लागून पडले. नुसतं खरचटलं, पण दोन महिने झाले, मी फिरायला गेले नाही. मागे काही वाजलं की छातीत धडधडतं. मुलगी म्हणते, घरातच चाल.

तुमच्या मुलीला मी समजू शकते. मीही नानांना हेच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. घरात बसून दोन महिन्यांत मांड्यांची ताकद किती उतरते ते तुम्हाला खुर्चीतून हात न टेकता उठताना कळेल. आज पाच वेळा उठून बघा. जमत नसेल तर आधी तेच रोज करा, पंधरा दिवस, कुणाला तरी शेजारी उभं करून.

मग बागेत जा, मुलीला घेऊन. वाटेच्या एका कडेनं आणि एकाच रेषेत चाला, कडा बदलू नका. मागून येणाऱ्याला तुमचा अंदाज येतो. कानात काही घालू नका. मागे घंटी वाजली तर वळू नका. थांबा, दोन्ही पाय टेकलेले ठेवा, हवं तर हात वर करा, त्याला जाऊ द्या. नाना असेच थांबायचे, काठी दोन्ही हातांनी पुढे टेकवून. तो सात वर्षांचा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. तो आवारात शिरताना फाटकापाशी सायकलवरून उतरतो आणि ती हातात धरून आत येतो.